ओसरी आणि सागवान

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा राजरस्ता नवापूर ओलांडून विसरवाडीस येतो, तो मुलूख दप्तरी खानदेशात मोडत आला असला तरी घरबांधणीच्या बाबतीत पूर्व खानदेशाशी त्याचे फारसे नाते नाही; कारण तापीकाठच्या कोरड्या पट्ट्यात मातीच्या सपाट धाब्याखाली पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त नांदल्या, तर या पश्चिम टोकास सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस उतरत्या छपराची आणि त्याखाली पुढे काढलेल्या ओसरीची सक्तीच करीत आला. त्यामुळे येथील मावची, कोकणी व भिल्ल कुटुंबांनी घराच्या दर्शनी भागाची जी काही शोभा केली, ती दरवाजापेक्षा ओसरीतच केली. दरवाजा म्हणजे बहुधा बांबूची ताटी. भिंती म्हणजे शेणामातीने लिंपलेला कुड. ओसरीत मात्र आल्यागेल्यासाठी टाकलेली बाज, पाण्याचा माठ, कोंबड्यांचे डालगे, आढ्याला टांगलेली शेतीची अवजारे असा सगळा सरंजाम मांडलेला असे, आणि सारवलेल्या जमिनीचा ताजेपणा हीच गृहिणीच्या नीटनेटकेपणाची पहिली साक्ष समजली जाई.

दसऱ्यास दारावर आंब्याचा टहाळा, झेंडू आणि नव्या भाताच्या लोंब्या बांधण्याची महाराष्ट्रभरची चाल या भागात विशेष शोभते, कारण भात हे इथले जुने वैभव आहे. सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपुराकडे निघालेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने नवापूरच्या बारीक, शुभ्र आणि कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाची आवर्जून नोंद केली आहे. हिऱ्यांच्या व्यापाऱ्यास तांदळाचे कौतुक करावेसे वाटले, यातच त्या तांदळाची किंमत आली!

पण आंब्याचे पान दारी लावण्यास जितकी मुभा होती, तितकी सागाची चौकट दारी बसविण्यास नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लागणारा राज्यातील साग हुजूरच्या परवानगीने तोडावा, आणि रयतेचे आंबे-फणस मात्र तिचा जीव त्यांत गुंतलेला असल्यामुळे जबरदस्तीने तोडू नयेत, अशी दूरदृष्टीची आज्ञा आहे. 1818 मध्ये खानदेश कंपनीच्या अमलाखाली गेला आणि 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलाची हद्द आखली गेली, तेव्हा या आज्ञेतील परवान्याचा भाग उरला आणि रयतेविषयीचा जिव्हाळा गळाला. डोळ्यांसमोर साग वाढत असता चौकटीसाठी दरख्वास्त करावी लागावी, अशी अवस्था जंगलात राहणाऱ्यांच्या वाट्यास आली. व्यापारी पेठांतील वाड्यांना मात्र गणेशपट्टीसह कोरीव चौकटी, पितळी कड्यांची दारे आणि ऐसपैस देवड्या लाभल्या. खानदेशातील दारांचा इतिहास कारागिरीइतकाच परवान्याचाही आहे, असे माझे मत आहे. आणि जुन्या वाड्यांच्या नक्षीचे गोडवे गाताना ते लाकूड कोणाच्या रानातले, हा प्रश्न आपल्या लेखकांनी क्वचितच विचारला.

पुढे कुंभाराच्या हातच्या नळीच्या कौलांना मंगलोरी कौलांची आणि नंतर पत्र्यांची स्पर्धा आली. छपराचा माल बदलला तरी ओसरी टिकली, कारण पाऊस बदलला नव्हता. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निराळा झाला आणि हा मुलूख त्यात गेला. सरकारी घरकुले त्याआधीपासूनच येत होती. 2016 पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरले आहे, आणि एवढ्या जागेत स्वयंपाकाची सोय बसविताना पहिला बळी ओसरीचा जातो. नकाशे करणाऱ्या अभियंत्यांनी नवापूर तालुक्यातील एखादा आषाढ दारात उभे राहून काढावा, आणि मग छपराचा हातभर तरी भाग भिंतीच्या पुढे काढावा, एवढीच त्यांना विनंती.