पाणपोई ते पाणीपट्टी : रायपूर नगरपालिकेचा आरंभकाळ

१८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा होऊन छत्तीसगढ इंग्रजी अमलाखाली आले. १८६७ मध्ये रायपूरला नगरपालिका स्थापन झाली. तलाव व विहिरी बांधणे हे राजाचे वा धनिकाचे पुण्यकर्म मानले जाई. खारून नदीवरील नळयोजना १८९२ मध्ये सुरू झाली, तीही राजनांदगावचे राजे बलरामदास यांच्या देणगीच्या आधारे व त्यांच्याच नावाने. संस्था नवी होती, दातृत्वाची रीत मात्र जुनीच. परंतु नळयोजना एकदा बांधून भागत नाही. ती नित्य चालवावी लागते व त्यासाठी करांचाच आधार घ्यावा लागतो. मराठीत ‘पाणपोई’ व ‘पाणीपट्टी’ या दोन शब्दांत हेच अंतर सामावले आहे : पहिल्यात तहानलेला याचक असतो, दुसऱ्यात जाब विचारू शकणारा नागरिक.