तळटीप : मिशिलिमॅकिनॅकची बराक

मिशिलिमॅकिनॅक हा ह्युरॉन व मिशिगन सरोवरांना जोडणाऱ्या सामुद्रधुनीकाठचा, लाकडी तटाचा किल्ला. फ्रेंचांनी तो १७१५ च्या सुमारास बांधला. १७६१ मध्ये तो ब्रिटिशांकडे गेला. त्यांचे शिपाई आधी तटाच्या आतल्या खासगी घरांतच भाड्याने राहत. स्वतंत्र बराक १७६९ मध्ये झाली. तिथेही ऐसपैस काही नव्हते. त्या काळच्या ब्रिटिश लष्करी रिवाजाप्रमाणे एका बिछान्यात दोघे झोपत आणि पाच-सहा जण आपापला शिधा एकत्र करून खोलीतल्याच चुलीवर शिजवत. काही शिपायांच्या बायकांनाही मोजका शिधा मिळे. बदल्यात त्या पलटणीची धुणी धूत. अशा जोडप्यांना एकान्त म्हणून मिळे तो फार तर टांगलेल्या घोंगडीचा आडोसा. १७८१ पर्यंत ठाणे मॅकिनॅक बेटावर हलले.