जाईच्या फुलांतील दुर्गंध

देव्हाऱ्यांत वाहिलेलीं जाईचीं फुलें आणि नाक दाबून ओलांडावयाची मोरी यांचें कांहीं नातें असेल, ही कल्पनाच सोंवळ्यांत वाढलेल्या मनास सहन होण्यासारखी नाहीं. रसायनशास्त्राच्या इतिहासानें मात्र हें नातें निर्विवाद सिद्ध केलें आहे. त्या इतिहासाचा आरंभ फुलांपासून झाला नाहीं, मोरीपासूनही झाला नाहीं. तो झाला निळीपासून.

प्राचीन ग्रीक लोक निळीला ‘हिंदी वस्तु’ या अर्थाच्या शब्दानें ओळखीत. त्यावरूनच पुढें ‘इंडिगो’ हें नांव रूढ झालें. एकोणिसाव्या शतकांत बर्लिन येथें अडॉल्फ फॉन बायर हा रसायनशास्त्रज्ञ या निळीची घटना शोधीत होता. निळीपासून निघणाऱ्या पदार्थांतील प्राणवायु पायरीपायरीनें काढून घेत, शेवटीं जस्ताच्या भुकटीबरोबर तापवून, १८६६ सालीं त्यानें एक पांढरा स्फटिकमय पदार्थ मिळविला. निळीच्या नांवावरून त्यास ‘इंडोल’ म्हणूं लागले. त्याच्या रेणूंत कर्बाचे ८, हायड्रोजनचे ७ व नत्राचा १ असे अणु असतात.

हाच इंडोल मनुष्याच्या विष्ठेंतही असतो, हें लौकरच उघडकीस आलें. अन्नांतील प्रथिनें आंतड्यांतील जंतु कुजवितात, तेव्हां तो निर्माण होतो. त्याचा जवळचा भाऊबंद लुडविग ब्रीगर यास १८७७ सालीं विष्ठेंतच सांपडला. त्याला ‘स्काटोल’ हें नांव मिळालें, तेंही विष्ठावाचक ग्रीक शब्दावरून! अशा कुळांतील पदार्थास सुगंधाच्या दरबारीं प्रवेश मिळेल, असें त्या वेळीं कोणास वाटलें असतें?

तो प्रवेश १८९९ सालीं मिळाला. फ्रान्समधील ग्रास हें गांव अत्तरांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध. तेथें लांकडी चौकटींतील कांचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर देत, त्यावर जाईचीं ताजीं फुलें पसरीत आणि तीं उतरलीं कीं पुन्हां नवीं घालीत. खुडलेलें फूलही कांहीं काळ सुवास निर्माण करीत राहतें; तो सर्व सुवास चरबी शोषून घेई. या रीतीनें मिळालेल्या तेलाचें पृथक्करण अल्बर्ट हेसे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें केलें, तेव्हां त्यांत सुमारे अडीच टक्के इंडोल निघाला. नारिंगाच्या फुलांतही तो आहे. आपल्या मोगऱ्यांतही आहे.

अत्तरें बनविणारांस या शोधाचा अर्थ तत्काळ उमगला. जाईच्या तेलाचा मोठा भाग असलेलें बेन्झिल ॲसिटेट प्रयोगशाळेंत तयार होऊं शकत होतें; पण केवळ त्याचा वास फळासारखा गोड आणि उथळ येई. त्यांत इंडोलचा अंश पडला कीं त्या वासाला भरदारपणा येतो, फूल जवळ उमललें असावें असा भास होतो. कुपींतला निर्भेळ इंडोल मात्र नकोसा वाटतो. डांबरगोळ्या आणि घाण यांची आठवण तो एकदमच करून देतो. शिवाय उजेडानें व हवेनें तो लालसर होतो, म्हणून पांढऱ्या साबणांत तो जपूनच वापरावा लागतो.

बायरच्या निळीवरील संशोधनाचें दुसरें फळ हिंदुस्थानास कडू लागलें. १८९७ सालीं कृत्रिम नीळ जर्मनींतून बाजारांत आली आणि येथील निळीचा व्यापार ढासळला. त्या तोट्याचा भार नीळवाल्या मळेवाल्यांनीं कुळांवर लादला आणि त्यांतूनच १९१७ सालचा चंपारण्याचा लढा उभा राहिला. निळीच्या मुळाशीं असलेला इंडोल मात्र अत्तरवाल्यांच्या फळीवर कायमचा जाऊन बसला.

वैद्य औषधाची मात्रा सांभाळतो, कारण तेंच द्रव्य एका मात्रेंत औषध आणि दुसरींत विष ठरतें. नाकाचाही न्याय तोच आहे. मोरींतला इंडोल आणि जाईंतला इंडोल यांच्या अणूंत तिळमात्र भेद नाहीं. भेद आहे तो प्रमाणाचा आणि संगतीचा. देवाला वाहिलेलें फूल त्यामुळें अपवित्र होत नाहीं. अपवित्र म्हणून दूर लोटलेल्या वस्तूकडे मात्र एकवार पुन्हां पाहावें लागतें.