गस्ती नौका आणि गुन्ह्यांचा आकडा

नांदेड-लातूरला बसून समुद्रावर काय लिहायचं, असं तुम्हाला वाटेल. आपल्याकडे गोदावरी आणि मांजरा; समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांना उपयोगी पडेल असा एक धडा कोकणातल्या गस्ती नौकेच्या इतिहासात आहे.

सुरुवात 1970 च्या दशकापासून करू. तेव्हा यांत्रिक ट्रॉलर वाढले. ते तळ खरवडत किनाऱ्याजवळ यायचे आणि लहान होडीवाल्याच्या वाट्याचा मासा, अगदी पिल्लांसकट, ओढून न्यायचे. गोव्यात रापणकार रस्त्यावर उतरले. केंद्राने नेमलेल्या मजुमदार समितीच्या कामातून नमुना कायदा पुढे आला. 1980 मध्ये केरळ आणि गोव्याने कायदे केले, 1981 मध्ये महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमन अधिनियम आणला.

राज्याची हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. कायद्याने अधिकाऱ्याला नौका थांबवून झडती घेण्याचा अधिकार दिला. पण थांबवायचं तर आधी गाठायला हवं ना!

साधा हिशोब करा. नौकेचा वेग ताशी 8 सागरी मैल असेल तर 12 मैलांना दीड तास लागतो. वेग 25 असेल तर अर्ध्या तासाच्या आत. दीड तासात जाळं ओढून ट्रॉलर पसार होतो. मत्स्यव्यवसाय विभागाने तर भाड्याने घेतलेल्या नौकांवरही गस्त घातली आहे. म्हणून नौकेचा वेग हा इथे कायद्याचाच भाग समजा.

आता खरा मुद्दा. समजा, एका जिल्ह्यात एका वर्षी 20 नौका पकडल्या आणि पुढच्या वर्षी 60. बेकायदा मासेमारी तिप्पट झाली का? तसं लगेच म्हणता येत नाही. कदाचित मधे वेगवान नौका आली असेल. आकडा गुन्ह्याचा दिसतो, पण त्यात गस्तही मोजलेली असते. उलट, नोंद शून्य असेल तर समुद्र शांत होता की नौका बंदरात उभी होती, हेही तपासावं लागतं.

शिवाय नियमही बदलत गेले. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. 2021 च्या दुरुस्तीने दंड लाखांत नेला आणि तहसीलदारांपुढे चालणारी प्रकरणं मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे दिली. जानेवारी 2025 पासून ड्रोनही आले. म्हणजे काल जो गुन्हा नव्हता तो आज गुन्हा ठरतो, आणि काल जो दिसत नव्हता तो आज दिसतो. या सगळ्या वर्षांचे आकडे एकाच आलेखावर सरळ रेषेने जोडले तर निष्कर्ष चुकणारच.

मग करायचं काय? पकडलेल्या नौकांच्या यादीसोबत गस्तीची नोंदवही मागा: किती तास, कोणती नौका, कोणता भाग, कोणता महिना. मग दर शंभर गस्ती-तासांमागे किती प्रकरणं सापडली, ते काढा. नियम बदलला त्या वर्षाशी आलेख तोडा.

हे फक्त पद्धतीचं प्रकरण नाही. ‘गुन्हे घटले’ असं वाचून गस्त कमी केली, तर फटका त्या लहान होडीवाल्याला बसतो, ज्याच्यासाठी कायदा झाला होता.

तुमचा विषय वाळूउपसा असो की वीजचोरी, विदा हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारा: मोजणारी नौका कोणती होती?