परचुरेशास्त्रींची कुटी आणि बधिर चट्टा

सेवाग्रामला येणारी माणसं बापू कुटी डोळे भरून पाहतात आणि परचुरे कुटीवरून तशीच पुढं जातात. मला मात्र आमच्या जिल्ह्याचा सगळ्यात धीट इतिहास तिथंच दिसतो. कुष्ठतंत्रज्ञ म्हणून माझी उमर देवळी-आर्वीकडची गावं फिरण्यात गेली, म्हणून हे ठासून सांगतो.

परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींचे सहबंदी होते, पण कुष्ठरोगामुळं त्यांना वेगळं ठेवलं होतं. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. आश्रमात बायकामुलं होती आणि रोगावर खात्रीचं औषध नव्हतं, म्हणजे लोकांची भीती खोटी नव्हती. तरी गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगाला मालीश केली.

तेव्हाचा कायदा काय होता? १८९८ चा. ज्या भागात तो लागू असे, तिथं रस्त्यावरच्या निराधार कुष्ठरोग्याला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत. ही वागणूक गुन्हेगाराची. लॅटिनमध्ये ‘नॉक्सियस’ असं एक विशेषण आहे. त्याचा अर्थ अपायकारक, आणि अपराधीही. रोमच्या आखाड्यात मरायला सोडलेल्या कैद्यांना याच शब्दानं ओळखत. ज्याच्यापासून अपाय होईल तो दोषीच, हा समज आमच्या गावांनाही नवा नव्हता. “मागल्या जल्माचं हाय, भाऊ,” असं चट्टा दाखवताना म्हाताऱ्या मला सांगत. मी म्हणायचो, “आजी, हे जंतूचं काम आहे.” हान्सेन नावाच्या डॉक्टरला तो जंतू १८७३ मध्येच दिसला होता. तो सगळ्यांना सारखा बाधत नाही, बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. हे पटवून देण्यात गोळी देण्यापेक्षा जास्त वेळ जाई.

मनोहर दिवाणांनी तर १९३६ मध्येच वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं होतं. विनोबांच्या सहवासात घडलेला हा माणूस. दत्तपूरचे रोगी भीक मागत नव्हते, शेती करत, सूत कातत. परचुरेशास्त्रीही शेवटी दत्तपूरलाच होते.

१९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं. डॉ. वार्देकरांनी तिथं कामाची रीतच बदलली. रोग्याला हुडकून वसाहतीत न्यायचं नाही, आपणच घरोघर जायचं, तपासायचं, समजावायचं आणि डॅप्सोनची गोळी त्याच्या गावातच द्यायची. मी शिकलो ते हेच. अंगणात चांगल्या उजेडात माणसाला उभं करायचं, पाठ-पोट पाहायचं. खाजत नाही, दुखत नाही असा फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगून त्यावर कापसाचं टोक टेकवायचं. कळलं नाही, तर कोपरामागची नस बोटांनी चाचपायची. तव्याचा चटका बसूनही कळला नाही असं सांगणारी बाई भेटली की मन खचायचं, कारण आपण उशिरा पोचलो होतो. तिला कोणाची बाधा झाली हे विचारण्यापेक्षा तिचे हात कसे वाचतील हे शिकवणं मला अधिक मोलाचं वाटे.

पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं अनेक औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. ती औषधं ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत आमचा वर्धा होता. उपचार सुरू झाले की संसर्गाची भीती लवकरच संपते.

कायद्याला मात्र वेळ लागला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत ‘व्हिरुलंट’ कुष्ठरोग होता. हाही लॅटिनमधून आलेला शब्द, मूळ अर्थ विषानं भरलेला. गोळ्या संपवून बऱ्या झालेल्या बायकाही या भीतीनं सासरी तोंड उघडत नसत. १८९८ चा कायदा केंद्रानं २०१६ मध्ये रद्द केला आणि घटस्फोटाचं ते कारण २०१९ मध्ये वगळलं.