गिटार : सलग लायनिंग
अकूस्टिक गिटारच्या बाजूची फळी जेमतेम २ मिमी जाड असते. तिच्यावर तबली (पुढची फळी) आणि पाठ चिकटवायला पुरेशी जागा मिळावी म्हणून आतल्या कडेने लावलेली लाकडी पट्टी म्हणजे लायनिंग. खाचा पाडलेली पट्टी सहज वळते. पण ताठपणा खाचांपाशीच संपतो. सलग पट्टी बाजू घट्ट धरते, म्हणून तबलीचे कंपन तिथे कमी मुरते. स्पॅनिश गिटारीत सुटे ठोकळेही चालतात, मग ही खटपट कशाला? ठोकळे सांधा धरतात, कडेला ताठपणा देत नाहीत. सलग पट्टी वळताना मोडते, हेही जाड पट्टीपुरतेच खरे; पातळ पट्ट्या गरम नळीवर वळवून साच्यात थरांनी चिकटवतात. वजन मात्र वाढते. वसई-विरारच्या दमट पावसाळ्यात तबली आडवी फुगतेच. ते कोणतेही लायनिंग रोखत नाही, बाजूंचा आकार तेवढा सलग पट्टी राखते.