एका जागी बसलेला दुकानदार

इंग्रजीच्या शुद्धलेखनात ‘स्टेशनरी’ या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना चकवले आहे. उच्चार एकच, पण शेवटच्या ‘आर’आधी ‘ए’ असेल तर अर्थ ‘स्थिर’, आणि ‘ई’ असेल तर वह्या, कागद, शाई. या जोडीचा माग काढत आपण मागे गेलो, तर दोन्ही वाटा लॅटिनमधल्या ‘उभे राहणे’ या अर्थाच्या ‘स्तारे’ धातूशी, म्हणजे आपल्या ‘स्था’ धातूच्या सगोत्राशी पोहोचतात. त्यातूनच ‘स्टेशनारियस’ म्हणजे एका ठिकाणी स्थिर असलेला, हा शब्द घडला. आकाशात वक्री होण्यापूर्वी ग्रह थांबल्यासारखा दिसतो, पंचांगाच्या भाषेत स्तंभी होतो. त्या ग्रहासाठी मध्ययुगीन इंग्रजीने ‘ए’वाले विशेषण वापरले.

त्याच शब्दाची दुसरी शाखा बाजारात रुजली. तेराव्या शतकात बोलोन्या आणि पॅरिसच्या विद्यापीठांजवळ फिरत्या विक्रेत्यांहून वेगळे, कायमचे दुकान मांडून बसणारे ‘स्टेशनारियस’ होते. ग्रंथाची तपासलेली प्रत सुट्या जुड्यांत ठेवून ते एकेक जुडी भाड्याने देत. विद्यार्थी वा लेखनिक ती उतरवून परत करी आणि पुढची नेई. लंडनमध्ये १४०३ साली लेखनिक, चित्रकार, बांधणीकार आणि ग्रंथविक्रेते यांचा संघ उभा राहिला. १५५७ मध्ये या ‘स्टेशनर्स कंपनी’ला राजसनद मिळाली आणि इंग्लंडच्या छपाईवर तिचा वचक बसला. १७१० मध्ये अंमलात आलेल्या ॲन राणीच्या कायद्याने लेखकाचा हक्क मान्य केला, तेव्हा ही मक्तेदारी आणखी ढासळली. कोशकार जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशात ‘स्टेशनर’ ग्रंथविक्रेताही आहे आणि कागदविक्रेताही. पुढे ग्रंथ प्रकाशकांकडे गेले, स्टेशनरकडे कागद-शाई उरली. आणि शब्दलेखन स्थिरावत गेले तशी एका घरातल्या दोन भावांची वाटणी पक्की झाली.

आज आपल्या गावातल्या दुकानाच्या पाटीवर देवनागरीत ‘स्टेशनरी’ वाचताना हा फरक दिसतही नाही. इंग्रजीत लिहिताना मात्र दुकानदार आठवावा: ‘स्टेशनर’च्या शेवटी ‘ई-आर’ आहे, म्हणून त्याच्या मालातही ‘ई’च. अशा जोड्या मुलांकडून नुसत्या घोकून घेण्याऐवजी त्यांचे कूळ सांगावे. शब्दाचे कूळ कळले की त्याचे स्पेलिंग सहसा चुकत नाही.